लेंबीच्या लग्नाची मरळ

माझा नवरा कुलाबिधू तसा कमी बोलणारा माणूस. पण मरळीचा विषय निघाला की त्याच्या तोंडाचं झाकण उडायचं. त्याच्या सापळ्यातली मरळ पाण्यात सोडली तर कधी तिरकी पोहत नाही, हे एक. आणि आपल्या सापळ्यातली मरळ आपण आंधळे झालो तरी बोटांनी ओळखू, हे दुसरं. बांबूच्या सापळ्याचं दार तो आतल्या बाजूनं जरासं तिरकं बसवतो, त्याच्या बापानं शिकवलं तसं. आत शिरताना मासा त्याला घासतो, शेपटीजवळचं एक खवलं उडतं, आणि नंतर उगवतं ते वाकडं. मी म्हणायचे, लोकताकच्या तळ्यात एवढं पाणी, एवढे मासे, आणि तू एका वाकड्या खवल्यावर मिशीला पीळ देतोस. त्याला मिशी नाही, तरी म्हणायचे.

पण लोक मानायचे त्याला. आमच्याकडे अंगणात नवरी नवऱ्याभोवती फेरे घेत असते तेव्हा घाटावर दोन बायका दोन मरळी पाण्यात सोडतात. एक मुलीकडची, एक मुलाकडची. दोन्ही शेजारी शेजारी पुढे गेल्या की संसार सुखाचा. एक इकडे आणि एक तिकडे गेली की म्हाताऱ्यांना महिनाभराचा विषय मिळतो. म्हणून थांगा बेटावरच काय, पार मोइरांगपर्यंतच्या घरांतून लग्न ठरलं की लोक पान-सुपारी घेऊन आमच्या दारात यायचे आणि कुलाबिधूकडून मरळ मागून न्यायचे. त्यानं कधी त्याचे पैसे घेतले नाहीत. मी घेतले असते, पण मला कोणी विचारलं नाही.

माझ्या लग्नातली जोडीही सरळ गेली होती म्हणतात. माझा काही विश्वास नाही. घाटावर माझी सासू उभी होती, ती सांगेल ते सरळ.

मग लोकताकमध्ये चिलखत्या आला. हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलेलं, आता सगळं थांगा तेच म्हणतं. शहरातले लोक शोभेसाठी काचेच्या पेटीत मासे पाळतात, त्यांतला हा. लहान असतो तेव्हा काचेला तोंड लावून शेवाळ खातो, सगळ्यांना गोड वाटतो. हातभर वाढला की कोणाला नको होतो, मग नाल्यात. नाला नदीला आला आणि नदी आमच्या अंगणात आली. अंगावर खवलं कसलं, पत्राच. पाठीवर आणि बाजूला काटे. जाळ्यात अडकला की स्वतः सुटत नाही आणि जाळं फाडल्याशिवाय राहत नाही. तळाचं शेवाळ हा खातो, दुसऱ्या माशांची अंडी हाच खातो, बांधाच्या कडेला बिळं हाच पाडतो. आधीच धरणाच्या दारांनी नदीकडून वर येणारे मासे अडले होते, गवत माजलं होतं, त्यात हा पाहुणा. मरळ आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली.

मी तो विकूनही पाहिला. मोइरांगच्या बाजारात माझी जागा आहे, माझ्या सासूची होती ती. दोन-चार चिलखते पाटीत मांडून बसले. एक बाई आली, तिनं बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर टकटक केलं आणि विचारलं, "आत आहे का कोणी?" सगळा बाजार हसला. घरी आणून शिजवायला घेतला तर माझा चांगला विळा बोथट झाला आणि मांजर लांबूनच वास घेऊन निघून गेलं.

तेव्हापासून जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी कुलाबिधूचा शाप ठरलेला. "ज्यानं हा मासा पेटीत घालून विकायला काढला, त्याच्या घरच्या भातात रोज खडा निघो." देवाला नैवेद्य दाखवावा तसा तो शाप दाखवायचा आणि मग जेवायचा.

आता लेंबीचं सांगते. मागे मला ताप आला होता, बरेच दिवस उठवत नव्हतं, तेव्हा माझी मुलगी लेंबी बाजारात माझ्या जागेवर बसायची. घरी येऊन सांगायची, इंफाळचा कोणी एक मुलगा येतो आणि बोटाएवढी मरळीची पिल्लं मागतो, तीही जिवंत. मी अंथरुणातून म्हटलं, असा कोण शहाणा आहे, बोटाएवढ्या मरळीचं ना कालवण होतं ना मांजराचं पोट भरतं. कुलाबिधूही हसला, पण तेव्हा सापळ्यात अजून मरळीची पिल्लं येत होती, ती लेंबीला द्यायचा. तो मुलगा आठवड्याला येत राहिला. माझा ताप उतरला, मी माझ्या जागेवर जाऊन बसले, आणि गिऱ्हाईक एकदम बंद झालं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या पोरींबद्दल मला लगेच कळतं.

मग लेंबीनं एक दिवस चुलीपाशी बसून सांगितलं. मुलाचं नाव निंगथेम, माणसं चांगली आहेत, घरचे मागणी घालायला येणार आहेत. करतो काय, विचारलं तर ती चुलीत फुंकायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

"दुकान आहे त्याचं," ती म्हणाली. "माशांचं."

"मग लाजतेस काय? आपलाच धंदा."

"काचेच्या पेट्यांचं, इमा."

मी तिच्याकडे पाहिलं आणि ती माझ्याकडे. बाहेर अंगणात तिचा बाप फाटलं जाळं पसरून बसला होता आणि चिलखत्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होता.

मी त्याला एवढंच सांगितलं की मुलगा मासेवाला आहे. यात खोटं काय आहे? कुलाबिधू इतका खूश झाला की त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. हल्लीची पोरं म्हणे मोबाइलची दुकानं काढतात, आणि याला मासे सुचले. कुठले मासे विकतो, विचारलं. सगळेच, मी म्हटलं. मोठे की लहान? लहान जास्त, मी म्हटलं. साखरपुड्याला मुलाची थंबाल आत्या फळांच्या टोपल्या घेऊन आली तेव्हा तिनं कौतुकानं सांगितलं की आमचा निंगथेम एकेका माशाला स्वतःच्या हातानं भरवतो. मी घाईनं तिच्यापुढे पान-सुपारी सरकवली. पण कुलाबिधूनं मान डोलावली आणि मला हळूच म्हणाला, बघ, तळं केलेलं असणार पोरानं, कष्टाळू दिसतो.

लग्नाची तारीख ठरली आणि कुलाबिधूनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, लेंबीसाठी मरळ मी स्वतः धरणार, ती लोकताकचीच असणार, विकतची मरळ माझ्या घाटावरून सुटणार नाही. एवढ्या जणांच्या लग्नाला याच्या हातची मरळ गेली, मग स्वतःच्या मुलीला विकतची कशी देणार? माणूस बोलून गेला. बोलायला काय लागतं.

बाजारात मरळी मिळतात हल्ली, नाही असं नाही. पत्र्याच्या डब्यांतून आसामकडून येतात, तळ्यात वाढवलेल्या. सगळ्या एका मापाच्या आणि गुबगुबीत. आमच्या आजूबाजूची लग्नं आता त्यांच्यावरच होतात, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच. कुलाबिधूच्या दारात पान-सुपारी यायची बंद झाली होती. तो म्हणायचा, लोक लग्नं कमी करायला लागलेत.

तो रोज उजाडताना होडी काढायचा. जिथं त्याचा बाप सापळे लावायचा तिथं लावले, तरंगत्या गवताच्या बेटांच्या, आमच्या फुमदींच्या, कडेकडेनं लावले. फुमदीला भोक पाडून त्यातून खाली सापळा सोडला. दुपारी परत आला की होडीच्या तळाशी चिलखते पडलेले असायचे, पोटं वर करून, आणि सापळ्यांच्या काड्या मोडलेल्या.   एकदा एक मरळ सापळ्यात आलीही होती, पण तिच्याबरोबर तीन चिलखते आत शिरले होते आणि सापळ्याचं दारच उखडून गेलं होतं. पाण्यात खळबळ दिसली आणि काळी शेपटी गेली, एवढंच त्यानं सांगितलं आणि न जेवता झोपला. त्या दिवशी शापही दिला नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

मी बाजारातली बाई आहे. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही हे मला शिकवलेलं आहे. मी डबेवाल्याकडून एक मरळ घेतली, चांगली धडधाकट बघून, आणि परसातल्या मोठ्या माठात सोडून वर पाटी झाकली. कुलाबिधूचा एक नियम होता, जिला सोडायचं तिला हातानं भरवायचं नाही. भुकेली सुटली की ती सरळ पुढे जाते, भरल्या पोटाची रेंगाळते. मला तो नियम पाठ होता. पण मी पाटी उचलली की ती मरळ वर येऊन तोंड उघडायची. असं कोणी तोंड उघडून आपल्याकडे बघायला लागलं की माझा हात आपोआप जातो, माझी तीन पोरं अशीच वाढली. मी चिमूटभर सुका जवळा टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. मग जवळ्याची पुरचुंडी कमरेलाच खोचून ठेवायला लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन कलल्यावर तो आला. होडी बांधली आणि घाटाच्या पायरीवर बसून राहिला. मांडवात केळीचे खांब उभे राहत होते, पोरं कागदी फुलं लावत होती, आणि नवरीचा बाप पाण्याकडे तोंड करून बसलेला. मी जाऊन शेजारी बसले.

"एक," तो म्हणाला. "एकच मागत होतो. जन्मभर या पाण्यानं मला खायला घातलं. मुलीसाठी एक दिली नाही."

मला रडू आलं. त्याच्यासाठी आलं आणि पाण्यासाठीही आलं. ज्या पाण्यात मी हात घातला तर कधी कोरडा निघाला नाही, ते आता पत्र्याचे मासे देत होतं. पण उद्या मुलीचं लग्न असताना किती वेळ रडणार? मी त्याला उठवून परसात नेलं आणि माठावरची पाटी उचलली.

मरळ वर आली आणि तोंड उघडून माझ्याकडे बघायला लागली. कुलाबिधूनं तिला हातात घेतलं, शेपटीपाशी बोट फिरवलं. सगळी खवली कशी सरळ.

"सावकाराच्या पोरासारखी गुटगुटीत आहे," तो म्हणाला. "हिनं कधी पाणी पाहिलंय का?"

"मग लेंबीला घरी ठेवू या का?"

त्यानं मरळ परत माठात ठेवली. मग म्हणाला, सोडा हिला, पण मी खोटं बोलणार नाही. मुलाकडच्यांना घाटावर सांगणार की ही मरळ माझी नाही. मी म्हटलं, सांग बाबा, सगळ्या इंफाळला सांग, पण आधी दोन घास जेव.

लग्नाच्या दिवशी ऊन चांगलं होतं. लेंबी नवरीच्या कडक घागऱ्यात उभी होती, बसता येत नव्हतं तिला, आणि तरी हसत होती. निंगथेमला मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सडपातळ, पांढऱ्या धोतरात आणि फेट्यात अवघडलेला. भजनवाल्यांनी मृदंगावर थाप मारली तसा दचकला. मला आवडला.

नवरीच्या आईनं मांडवात बसायचं असतं. मी बसले नाही. आमच्याकडून मरळ सोडायचा मान शेजारच्या मेमथोईला होता, कारण तिचा नवरा धडधाकट आहे आणि पहिला मुलगा झालेला आहे. ती माठातली मरळ छोट्या हंड्यात घेऊन घाटावर निघाली आणि तिच्या मागे मी. कन्यादान उरकून माझ्या मागे कुलाबिधू. मुलाकडून थंबाल आत्या घाटावर आली होती, नव्या रेशमी ओढणीत आणि जाड काचांच्या चष्म्यात. तिच्या हातात हवा भरून फुगवलेली पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत मरळ.

कुलाबिधूनं हात जोडले. "आत्या, सांगायचंय. आमची ही मरळ बाजारातली आहे. मला धरता आली नाही."

मला वाटलं ती नाक मुरडणार. पण शहरातली बाई, तिला यात लाज वाटण्यासारखं काय आहे हेच कळेना. "असू दे ना," ती म्हणाली. "आमचीही बाजारातलीच. निंगथेमनं बोटाएवढी असताना घेतली होती, तुमच्याच मोइरांगच्या बाजारातून. दुकानात ठेवली होती, लोक मागायचे, दिली नाही कोणाला. म्हणायचा, ही लग्नाला लागेल. मुलगी हो म्हणाली नव्हती तेव्हापासून म्हणतोय."

कुलाबिधूनं पिशवी हातात घेतली. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं पिशवीचं तोंड सोडलं, हात आत घातला आणि शेपटीपाशी बोट फिरवलं. बोट थांबलं. पुन्हा फिरवलं.

"इबेमहाल," तो म्हणाला. नावानं तो मला कधी हाक मारत नाही. "खवलं वाकडं आहे."

मीही बोट लावून पाहिलं. वाकडं होतं. लेंबीच्या हातून त्या शहाण्या गिऱ्हाइकाला गेलेली बोटभर मरळ, माझ्या नवऱ्याच्या सापळ्यातली, आता वीतभर लांब होऊन त्याच्याच हातात वळवळत होती. त्याचे डोळे भरून आले आणि तो हसायला लागला, दोन्ही एकदम. थंबाल आत्याला वाटलं मासा चावला.

इथंच ती बाई गप्प बसली असती तर बरं झालं असतं. पण तिलाही पुतण्याचं कौतुक. ती सांगायला लागली, दुकान कसं मोठं आहे, काचेच्या पेट्या किती आहेत, कसले रंगीत मासे आहेत.

कुलाबिधूचं हसू थांबलं. "काचेच्या पेट्या?"

मी आत्याला डोळ्यांनी खुणावलं. जाड चष्मा, तिला काय दिसणार.

"शेवाळ खाणारा असतो का त्यांत? काळा? अंगावर पत्रा?"

"सगळ्यात जास्त तोच खपतो," आत्या म्हणाली. "काच कशी लख्ख ठेवतो."

मेमथोईनं हंडा छातीशी धरला. मी पाण्याकडे बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न. इतकी वर्षं रोज दोन वेळा जेवताना दिलेला शाप, आणि ज्याला दिला तो आमच्या अंगणात फेटा बांधून बसलाय. मांडवातून मृदंगाची लय वाढायला लागली होती, म्हणजे लेंबीचे फेरे सुरू झाले होते. मरळी आता सुटायला हव्या होत्या.

कुलाबिधू मांडवाकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "आता त्या घरचा भात कोण शिजवणार?"

"आपली लेंबी."

"आणि खाणार कोण?"

"तीच."

त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, पाण्याकडे तोंड केलं आणि पुटपुटला. काय पुटपुटला ते मला ऐकू आलं, कारण मी जवळच होते. तो शाप परत घेत होता. खड्यांचं मी रागात बोललो होतो म्हणे, कोणी मनावर घेऊ नये. मग पिशवी थंबाल आत्याच्या हातात देत म्हणाला, "सोडा. माझा मासा यानं राखलाय. बाकीचं मी त्याच्याशी नंतर बोलेन."

दोघी बायकांनी पायरीवर वाकून हंडा आणि पिशवी एकदम कलती केली. दोन मरळी पाण्यात उतरल्या. काठावर आता दोन्हीकडच्या म्हाताऱ्या जमल्या होत्या, माना पुढे करून. मरळी हातभर पुढे गेल्या.  आणि मग दोन्ही एकदम वळल्या आणि परत काठाशी आल्या. शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि तोंडं उघडून आमच्याकडे बघायला लागल्या.

 एकत्र गेल्या तर काय आणि फुटल्या तर काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जायलाच तयार नसल्या तर काय, हे कोणाच्या आजीनं सांगितलेलं नव्हतं. मुलाकडची एक म्हातारी म्हणाली, याचा अर्थ मुलगा घरजावई होणार. आमच्याकडची म्हणाली, मुलगी सासरी नांदणार नाही. त्यांची जुंपणार एवढ्यात कुलाबिधूनं माझ्याकडे पाहिलं.

"भरवलंस ना?"

"तोंड उघडून बघत होती," मी म्हटलं.

"आणि तो तिकडे हातानं भरवणारा." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "दोघींना पाणी ठाऊक नाही. हात ठाऊक आहे."

मी कमरेची पुरचुंडी सोडली. मूठभर जवळा घेतला, पायरीवरून गुडघाभर पाण्यात उतरले, लग्नासाठी नेसलेल्या नव्या फनेकसकट, आणि जमेल तेवढा लांब फेकला. दोन्ही मरळी सुसाट निघाल्या, अंगाला अंग लावून. तिथवर पोचल्या तशी मी आणखी एक मूठ त्याच्याही पुढे फेकली. मग आणखी एक. त्या दोन काळ्या पाठी फुमदीच्या सावलीत एकत्र शिरल्या आणि काठावरच्या बायकांनी जो काय आवाज केला तो ऐकून मांडवातले मृदंगवाले क्षणभर ताल चुकले. म्हाताऱ्यांनी निवाडा दिला, जोडी सरळ गेली. जवळ्याचं कोणी काढलं नाही. माझ्या सासूनं माझ्या वेळी काय फेकलं होतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला.

पाचव्या दिवशी रिवाजाप्रमाणे लेंबी आणि जावई आमच्याकडे जेवायला आले. जावई नवा सदरा घालून, हातात मिठाईचा डबा घेऊन. कुलाबिधूनं डबा घेतला, माझ्याकडे दिला आणि जावयाच्या हातात जाळं विणायची सुई ठेवली. चिलखत्यांनी फाडलेली जाळी त्यानं अंगणात पसरूनच ठेवली होती.

"जेवण नंतर," तो म्हणाला. "आधी ही भोकं बघ. एकेक नीट बघ."

मी मध्ये पडायला गेले, पण लेंबीनं माझा हात धरला. ती हसत होती. निंगथेम मांडी घालून बसला आणि एका भोकात बोटं घालून मापलं. त्यात त्याची चार बोटं गेली. बराच वेळ तो मान खाली घालून शिवत होता, वाईट शिवत होता. मग सासऱ्याला म्हणाला, "पाबुंग, दुकानात तो मासा आता नाही ठेवणार. ज्यांनी नेलेत त्यांना सांगितलंय, नको झाला तर नाल्यात टाकू नका, मला आणून द्या."

"त्यानं माझं पाणी साफ होणार आहे का?"

"नाही," निंगथेम म्हणाला.

"नाही," कुलाबिधूही म्हणाला. पण आवाज खाली आला होता. त्यानं जावयाच्या हातातली सुई घेतली, गाठ कशी मारायची ते दाखवलं आणि परत दिली.

मी मासे शिजवायला आत गेले. तांदूळ निवडायला सूप शोधते तर सूप जागेवर नाही. लेंबीला विचारलं, तिनं नेलेलं नव्हतं. मागच्या दारानं घाटावर गेले. कुलाबिधू पायरीवर बसला होता, मांडीवर सूप आणि सुपात जावयाच्या जेवणाचे तांदूळ. डोळ्यांजवळ नेऊन नेऊन तो खडे वेचत होता. इतक्या वर्षांत या माणसानं तांदळाच्या दाण्याला हात लावला नव्हता. पायरीखाली पाण्यात दोन मरळी शेजारी शेजारी उभ्या होत्या, तोंडं उघडून.

"त्यांना काही टाकलं नाहीस ना?" मी विचारलं.

"छे," तो म्हणाला. "सोडलेल्याला भरवायचं नसतं."

त्याच्या बोटांना जवळ्याचा वास येत होता. मी पायरीवर टेकले आणि सुपाची दुसरी कड माझ्या मांडीवर ओढून घेतली.